सगळ्या चाव्या तुमच्याच खिशात का?

प्रति,
परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांचे सर्व मुख्याध्यापक आणि प्रभारी मुख्याध्यापक

सर, बाई,


तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. केंद्रप्रमुख म्हणून शाळेत यायचो, वर्गात बसायचो, शेरेबुकात चार ओळी लिहायचो आणि पुढच्या शाळेला जायचो. त्या चार ओळींत जे मावलं नाही ते आता निवृत्तीनंतर जाहीरपणे लिहितो आहे. पत्र तुमच्या नावाने आहे, पण तुमचे सहकारी, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि तुमच्याकडून दररोज माहिती मागवणारे अधिकारी यांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

जिल्हा परिषदेचा शिक्षक काम करत नाही, असं पारावर बसलेला कुणीही सहज बोलून जातो. मला दिसलं ते वेगळं आहे. आपल्या नऊ तालुक्यांतल्या बहुतेक मुख्याध्यापकांचा दोष असलाच तर तो उलट्या बाजूचा आहे. ते फार काम अंगावर घेतात. जे त्यांचं आहे ते घेतात, जे दुसऱ्याचं आहे तेही घेतात, आणि कुणी हात पुढे केला तर ‘असू द्या, मी बघतो’ म्हणतात. हे ‘मी बघतो’ मी इतक्या शाळांतून ऐकलं आहे की त्याच्या मुळाशी जावं असं वाटू लागलं.

जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत एक दोन-शिक्षकी शाळा आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या सरांचा एक दिवस सांगतो, कारण तुमच्यातल्या प्रत्येकाला तो आपलाच वाटेल. परिपाठ झाला, हजेरी झाली. 43 मुलं हजर. सर उठले, धान्याच्या खोलीचं कुलूप काढलं आणि स्वतः काटा लावून तांदूळ तोलला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम, म्हणजे 4 किलो 300 ग्रॅम. स्वयंपाकाच्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्या कित्येक वर्षं तिथे खिचडी शिजवतात, मुलांची संख्या ऐकली की किती पातेलं भरायचं ते त्यांच्या हाताला कळतं. पण काट्याला हात सरांचा. पुन्हा कुलूप, चावी खिशात. वर्गात येऊन पहिली-दुसरीच्या मुलांना फळ्यावरचे शब्द उतरवायला सांगितले, तोवर फोन वाजला. शाळाबाह्य मुलांची माहिती आजच्या आज हवी, निरंक असली तरी निरंक म्हणून पाठवा. सर आवाराच्या कोपऱ्यात गेले, कारण रेंज तिथेच येते. परत आले तर डाळ-मसाल्याचा साठा लिहायचा राहिला होता. तो लिहिला. खिचडी झाली, चव घेतली, चव नोंदवहीत सही केली. दुपारी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिलं. दुसरे गुरुजी तिसरी-चौथीच्या वर्गात शिकवत होते. तरुण माणूस, संगणकात तरबेज. त्यांना मी बाजूला घेऊन विचारलं, ‘तुम्ही यातलं काही करत नाही का?’ ते म्हणाले, ‘सर देतच नाहीत. मागितलं तर म्हणतात, सही माझी आहे.’

आणि पहिलीची मुलं सकाळपासून तेच शब्द उतरवत होती.

‘सही माझी आहे’ या तीन शब्दांत निम्मं उत्तर आहे. कायद्याने तुमच्यातल्या पुष्कळांना मुख्याध्यापक केलेलंच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि 150 च्या वर पट गेला तरच पाच शिक्षकांवर एक वेगळा मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला 100 च्या वर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. आपल्या वाडी-तांड्यावरच्या शाळांचा पट यात कुठे बसतो ते मी सांगायला नको. तिथे जो सेवाज्येष्ठ, तो प्रभारी. त्याला स्वतःचा वर्ग आहे, बहुतेक ठिकाणी दोन वर्ग एकत्र आहेत, आणि त्याच्या डोक्यावर मुख्याध्यापकाचं सगळं काम आहे. कॅशबुक, डेड स्टॉक, जनरल रजिस्टर, दाखले, यूडायस, सरल, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, बँकेच्या फेऱ्या. पद नाही, पण पदाची जबाबदारी पुरेपूर. अशा माणसाला काम वाटून देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे असंच वाटत नाही. ज्याला आपण बरोबरीचा सहकारी म्हणतो त्याला ‘हे तू कर’ कसं म्हणायचं, हा संकोच असतो. मग तो स्वतःच करतो. त्या संकोचाची कुठे नोंद होत नाही, पण शाळेचं बरंच ओझं त्यानेच वाढवलेलं असतं.

दुसरं कारण भीतीचं आहे, आणि ती भीती खोटी नाही. 16 जुलै 2013 ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, धर्मासती गंडामन या गावी शाळेतलं दुपारचं जेवण जेवून 23 मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. आपल्या कापसाच्या शेतकऱ्याला ते नाव चांगलं ठाऊक आहे. 2016 मध्ये न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरवून शिक्षा दिली. ती बातमी देशातल्या प्रत्येक शाळेत पोहोचली आणि धान्याच्या खोलीची चावी प्रत्येक मुख्याध्यापकाने आणखी घट्ट धरली. नाव आपलं लागणार, तर डोळाही आपलाच हवा, असं मनाने घेतलं.

पण त्या घटनेतला एक तपशील आपण नीट ऐकला नाही. तेल बरं दिसत नाही, अशी शंका आपण काढली होती, असं तिथल्या स्वयंपाकिणीने पुढे सांगितलं. तिला तेच तेल वापरायला सांगितलं गेलं. म्हणजे चुलीजवळ दुसरा डोळा हजर होता आणि त्याला दिसलंही होतं. तिचा शब्द चालणार नव्हता, एवढीच उणीव होती. आपण त्यातून धडा काय घेतला? प्रमुखाने आणखी बारकाईने पाहावं. घ्यायला हवा होता तो असा की चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला ‘आज हे शिजवणार नाही’ असं म्हणायचा हक्क असावा आणि तिने तसं म्हटलं तर त्या दिवशी ते शिजू नये. तुमच्या शाळेतल्या बाईंना हा हक्क आहे का? त्यांना तो आहे हे त्यांना माहीत आहे का? काटा त्यांच्या हाती दिलात, साठा त्यांनीच मोजला, तर त्या धान्याकडे आपलं म्हणून बघतील. तांदळात अळी दिसली तर आज त्या ‘सरांना सांगू की नको’ म्हणून थांबतात. उद्या थांबणार नाहीत. मुलांच्या जिवाची खात्री एका सहीवर सोडू नका. ती सही करणारा माणूस त्या वेळी आवाराच्या कोपऱ्यात फोनला रेंज शोधत असतो.

या भीतीचा फार खोल अभ्यास लंडनमध्ये झाला होता. तिथल्या प्रशिक्षण देणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका टिकत नव्हत्या. जवळजवळ एक तृतीयांश मुली प्रशिक्षण अर्धवट सोडून जात. टॅविस्टॉक संस्थेच्या इझाबेल मेंझीस यांनी तिथे जाऊन पाहिलं आणि 1960 मध्ये आपला अहवाल छापला. त्यांना आढळलं की जिवाशी खेळ असलेल्या कामात प्रत्येक जण निर्णय वरच्याकडे सरकवतो, आणि वरचाही तो नको म्हणत नाही. तपासणीवर तपासणी होते. वरिष्ठ परिचारिका त्यांच्या कुवतीपेक्षा कितीतरी खालची कामं करत राहतात. मग वरच्यांना वाटू लागतं की खालच्या मुली बेजबाबदार आहेत, खालच्यांना वाटतं वरच्या उगाच कडक आहेत. मेंझीस म्हणतात, हे दोन्ही समज एकमेकांना पोसतात. ज्याला बेजबाबदार मानलं जातं तो हळूहळू तसा होतो, कारण त्याच्याकडून दुसरी अपेक्षाच नसते. ज्या हुशार मुलींना काहीतरी करून दाखवायचं होतं, त्याच सोडून गेल्या.

हे वाचताना मला आपली केंद्रं आठवत होती. शाळेत नवा रुजू झालेला शिक्षक पहिल्या वर्षी विचारतो, ‘सर, कॅशबुक मी लिहू का?’ दुसऱ्या वर्षी तो विचारत नाही. तिसऱ्या वर्षी तुम्ही शिक्षण परिषदेत शेजारच्या मुख्याध्यापकाला सांगता, ‘आमच्याकडचे गुरुजी चांगले आहेत, पण वर्गाबाहेरची जबाबदारी घेत नाहीत.’ सर, तो घेत होता.

आता ज्या कारणाबद्दल मला तुमचा सगळ्यात जास्त आदर आहे त्याकडे येतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि ट्रक भरायची तारीख तोच ठरवतो. ट्रकमध्ये भांडी चढतात, शेळ्या चढतात, आणि तुमच्या पटावरची मुलंही चढतात. त्याच्या आदल्या रात्री वस्तीवर जाऊन ‘पोरीला आजीजवळ ठेवा, जेवणाची सोय आपण करू’ असं बापाला समजावणारा माणूस मी पाहिला आहे. तो मुख्याध्यापकच असतो. बाप ऐकत नाही, आई रडते, आजी म्हणते मला दिसत नाही, मी कशी सांभाळू. तास-दीड तास बोलणं चालतं. कधी मुलगी राहते. कधी राहत नाही, मग तिच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या शाळेत तिला बसवून घेतील. पुढे हंगामी वसतिगृह सुरू झालं की त्याची भाकरी, त्याची हजेरी, त्याची बिलं. हे काम तुम्ही अंगावर घेतलं म्हणून कित्येक मुली शिकल्या, यात शंका नाही. कुणी सांगितलं म्हणून तुम्ही ते केलं नाही. मूल हातचं जाईल या काळजीने केलं.

अडचण अशी की काळजी एकदा लागली की ती निवड करत नाही. ज्या मनाने तुम्ही रात्री वस्तीवर जाता, त्याच मनाने सकाळी तांदूळ तोलता, त्याच मनाने पोर्टल भरता. सगळंच तितकंच महत्त्वाचं वाटू लागतं. पण तसं ते नाही. त्या बापासमोर तुमच्याऐवजी दुसरं कुणी बसलं तर त्याचं तो ऐकणार नाही. गावाने तुम्हाला वर्षानुवर्षं पाहिलं आहे, त्या ओळखीवर तो दार उघडतो. तांदळाला मात्र तोलणारा कोण याने फरक पडत नाही. ज्या आठवड्यात ट्रक भरतात त्याच आठवड्यात एखादा अहवाल ‘तात्काळ’ असतो, आणि अहवाल भरण्यात संध्याकाळ गेली तर त्या वस्तीवर तुमच्या जागी कुणीही जात नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कागदाचं काम पूर्ण होतं. रकाना भरला, बेरीज जुळली, पोर्टलवर हिरवी खूण आली, मनाला बरं वाटतं. वर्गातलं काम असं पूर्ण होत नाही. दुसरीतल्या एखाद्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, आज येत नाही, पुढच्या महिन्यातही येईल याची शाश्वती नाही. त्याच्याजवळ रोज बसणं कठीण असतं, आणि त्याची नोंद कुणी मागत नाही. म्हणून माणूस नकळत जिथे काम संपल्याचं समाधान आहे तिकडे वळतो. ‘कामामुळे शिकवायला वेळ मिळत नाही’ हे खरं आहे. काही वेळा शिकवणं अवघड झालं म्हणून आपण काम शोधतो, हेही खरं आहे. कोणत्याही क्षेत्रातला प्रमुख घ्या, कारखान्याचा, बँकेच्या शाखेचा, पोलीस ठाण्याचा. आपल्या पदाचं जे खरं अवघड काम असतं, माणसं घडवण्याचं, ते टाळायला त्याला हाताखालच्यांचं सोपं काम फार उपयोगी पडतं. तो दिवसभर राबतो, सगळ्यांना दिसतो, आणि त्याला कुणी बोल लावू शकत नाही.

बोल तर लावत नाहीतच, उलट गौरव करतात. ‘एकहाती शाळा उभी केली’ हे वाक्य मी किती निरोप समारंभांत ऐकलं असेल! आपल्या मराठवाड्याला हे चित्र फार प्रिय आहे. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, पुढे देशाचे गृहमंत्री झाले, पण लोकांनी त्यांना म्हटलं ‘हेडमास्तर’, आणि त्यात आदर होता. शिस्तीचा, प्रत्येक कागद स्वतः वाचणारा, कुणावर विसंबून न राहणारा माणूस आपल्याला मोठा वाटतो. त्या आदरात गैर काही नाही. पण शाळेपुरतं विचाराल तर एकहाती उभी केलेली शाळा तो हात निघाला की काय करते, हे मी पाहिलं आहे. बदली झाली, सर गेले. यूडायसचा पासवर्ड त्यांच्या डायरीत होता, डायरी त्यांच्याबरोबर गेली. पोर्टल उघडायला गेलं तर ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. नव्या माणसाने फोन करायचा, सर नव्या शाळेत वर्गात असणार, ते बाहेर येऊन आकडा सांगेपर्यंत त्याची मुदत संपणार. महिनाभर ही कसरत. पालक म्हणतात, ‘आधीचे सर होते तेव्हा शाळा चांगली होती.’ ती चांगली होती, पण सरांच्या पाठीमागे तिचं काहीच उरू शकलं नाही. ज्यांनी मुलांसाठी इतकं केलं त्यांच्या वाट्याला हे येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

काम वाटणं म्हणजे अंग काढून घेणं, असं आपल्याकडे समजतात. तसं ते नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांचा बंदोबस्त दिला आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन प्रमुख. तिघांची कामं वेगळी, आणि कारभार तिघांच्या विचाराने. धान्य आणि साहित्याच्या कोठारासाठी कारखानीस वेगळा. ज्याच्याकडे दरवाजा त्याच्याकडे हिशेब नाही, ज्याच्याकडे हिशेब त्याच्याकडे कोठार नाही. एक माणूस फुटला तरी गड जाऊ नये हा त्यामागचा विचार होता. म्हणजे मूळ हेतू अविश्वासाचा होता, हे मी नाकारत नाही. पण त्याचा दुसरा परिणाम असा की एक माणूस आजारी पडला, मारला गेला, बदलला, तरी गडाचं काम थांबत नव्हतं. आपल्या शाळेत दरवाजा, हिशेब आणि कोठार तिन्ही एकाच माणसाच्या खिशात आहेत.

आणि वाटायचं कुणाला, हा प्रश्न तुम्ही विचाराल. दोन शिक्षकांच्या शाळेत वाटणी ती काय होणार? बरोबर आहे. पण शाळेत दोनच मोठी माणसं आहेत हे कुणी ठरवलं? गावातली माणसंही शाळेचीच आहेत. ज्या वसंतराव नाईकांचं नाव आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाला आहे, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. त्याआधी, निजामाच्या काळात, आपल्याकडे जिल्ह्याचा प्रमुख म्हणजे अव्वल तालुकदार. महसूल त्याचा, दंडाधिकाऱ्याचे अधिकार त्याचे, रयतेने अर्ज घेऊन त्याच्या कचेरीत उभं राहायचं. 1962 ला हे बदलायचं ठरलं. गावच्या गोष्टी गावच्या लोकांनी हाती घ्याव्यात असा त्याचा उद्देश. त्याच विचाराने शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. तुम्ही तिचे सचिव आहात.

आणि आपण त्या समितीचं काय करतो? इतिवृत्त आधी लिहून ठेवतो आणि सह्या मागून घेतो. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. का, तर ‘त्यांना कळत नाही’. शेतात मजूर लावून, बचत गटाचं कर्ज काढून ते फेडणाऱ्या बायांना साठ्याचा हिशेब कळत नाही, हे मला पटत नाही. पालमकडच्या एका शाळेत बाईंनी महिन्याचा आहार-साठा मोजायचं काम तीन मातांकडे दिलं होतं. त्यांच्यातली एक लिहिणारी, दोघी मोजणाऱ्या. पहिल्या महिन्यात आकडे चुकले, बाईंना पुन्हा सगळं करावं लागलं. त्या म्हणाल्या, ‘मी केलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं.’ पण त्यांनी ते काम परत घेतलं नाही. पुढे गावात कुणीतरी ‘शाळेतलं तेल बाहेर जातं’ अशी कुजबुज सुरू केली, तेव्हा बाईंना तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. त्या तिघींनीच पाणवठ्यावर उत्तर दिलं. आपण मोजलेल्या गोष्टीवर आळ आला की माणूस असा उभा राहतो.

गंगाखेडच्या जनाबाईंच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, ही कथा तुमच्या स्नेहसंमेलनात दर दोन वर्षांनी मुली सादर करतात. जनाबाईंनी तो हात बाजूला सारला, असं तिच्यात कुठे नाही.

आता जे वरून माहिती मागवतात त्यांच्यासाठीही दोन शब्द, कारण तुमच्या एकट्याच्या मनावर घेण्याने सगळं सुटणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. शासनाने 2024 मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वेगळी यादीही काढली. कागदावर पुष्कळ सुधारणा आहेत. पण जोवर प्रत्येक चुकीवर पहिला प्रश्न ‘मुख्याध्यापक कोण?’ हाच राहील आणि पहिला कागद ‘कारणे दाखवा’ हाच निघेल, तोवर कुठलाही शहाणा माणूस चावी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. सहकाऱ्याला साठा लिहायला दिला आणि त्याने चूक केली, तर दोघांना बसवून चूक दुरुस्त करून घेणं, एवढंच वरिष्ठांनी केलं तरी शाळांत काम वाटलं जाईल. काम वाटून दिल्याबद्दल कुणाला खुलासा द्यावा लागू नये. एवढी हमी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या बैठकीत तोंडी दिली तरी पुरे, तिला वेगळ्या परिपत्रकाची गरज नाही.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. या सत्रात धान्याचा काटा स्वयंपाकाच्या बाईंच्या हाती द्या आणि साठ्याची वही मातांच्या. सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ती कपाटात ठेवा, आणि जिथे जमेल तिथे ओटीपीसाठी शाळेचा स्वतंत्र क्रमांक घ्या. कॅशबुक तरुण गुरुजींना शिकवा. महिन्यातले दोन दिवस त्यात जातील, पहिली तिमाही चुकांची जाईल. त्या चुका तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. वर्षातून एकदा सलग तीन दिवस हक्काची रजा काढा, आजारी नसताना, लग्नकार्य नसताना, आणि फोन बंद ठेवा. परत आल्यावर काय अडलं ते विचारा. जे अडलं तेवढंच अजून तुमच्याकडे अडकलेलं आहे, असं समजा आणि पुढच्या वेळी तेही कुणाला तरी शिकवून जा. सुटलेल्या वेळातला पहिला तास पहिली-दुसरीच्या वर्गाला द्या. जोडाक्षरावर अडलेल्या मुलाजवळ तुम्ही बसलात की काय होतं हे मला माहीत आहे. तुम्ही उत्तम शिक्षक होतात म्हणूनच तुमच्याकडे शाळा आली.

केंद्राच्या येत्या शिक्षण परिषदेत या विषयाला तासभर मागून घ्या. कोणत्या शाळेने कोणतं काम कुणाकडे दिलं, ते कसं झालं, कुठे फसलं, हे नावानिशी बोला. नव्या शिक्षकांना आधी बोलू द्या आणि तुम्ही नंतर बोला. मला बोलावलंत तर मी येईन आणि ऐकेन.

आपला,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख
परभणी जिल्हा